‘आठवले’ आणि ‘आठवल्यासारखे केले’

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेच्या एखाद्या भागाचा वृत्तांत लिहिणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कोण खेळायला बसले, काय विचारले गेले, कुठे अडले, किती रक्कम हाती आली, या मजकुराची जागा वर्तमानपत्राच्या मनोरंजन पुरवणीत असते, आणि दुसऱ्या दिवशी ती पुरवणी रद्दीत जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका भागाचा वृत्तांत सांगायचा आहे, आणि तोही दोनदा. दोनदा सांगण्याचे कारण पुढे स्पष्ट होईलच. लेखासाठी हा भाग निवडण्याचे कारण मात्र आरंभीच सांगायला हवे. त्या भागात जिंकलेला मनुष्य इंग्रजी साहित्याचा अध्यापक होता, आणि त्याने त्या रात्री जे केले त्याचा संबंध दूरचित्रवाणीपेक्षा आपल्या व्यवसायाशी, म्हणजे साहित्य शिकण्या-शिकवण्याशी, अधिक जवळचा आहे, असे माझे मत आहे.

कार्यक्रमाचे नाव ‘ट्वेंटी-वन’. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर तो १२ सप्टेंबर १९५६ रोजी सुरू झाला. निर्माते जॅक बॅरी आणि डॅन एन्राइट. त्यांपैकी बॅरी स्वतःच सूत्रसंचालन करीत. प्रायोजक होते ‘जेरिटॉल’ या टॉनिकचे उत्पादक. खेळाची रचना पत्त्यांतील ‘एकवीस’ या डावावर बेतलेली होती. दोन स्पर्धक दोन स्वतंत्र, काचेच्या, ध्वनिबंद खोल्यांत कानांवर हेडफोन लावून उभे राहत. एकाला दुसऱ्याचे उत्तर ऐकू येत नसे, दुसऱ्याचे गुणही कळत नसत. विषय जाहीर झाला की स्पर्धकाने एक ते अकरा यांपैकी किती गुणांचा प्रश्न हवा ते सांगायचे. गुण जितके अधिक तितका प्रश्न अवघड. जो आधी एकवीस गुणांपर्यंत पोहोचेल तो जिंकला. दोन फेऱ्या झाल्यावर डाव तिथेच थांबवण्याची मुभाही स्पर्धकांना असे. गुणांतील फरकाला ठरावीक दराने डॉलर मिळत, आणि डाव बरोबरीत सुटला की पुढच्या डावाचा दर वाढत असे. आणखी एक कलम महत्त्वाचे होते. नवा स्पर्धक जिंकला तर त्याची रक्कम आधीच्या विजेत्याच्या साठलेल्या रकमेतून वजा होत असे. विजेत्याला म्हणूनच दर आठवड्याला एक प्रश्न प्रश्नपत्रिकेबाहेरचाही सोडवावा लागे : मिळाले तेवढे घेऊन थांबायचे, की पुढे खेळायचे?

आता वृत्तांत. बुधवार, ५ डिसेंबर १९५६. एका खोलीत हर्बर्ट स्टेंपेल, वय तिशीच्या आतबाहेर, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, सैन्यात नोकरी करून आलेला आणि आता सिटी कॉलेजात शिकणारा. गेले काही आठवडे तोच विजेता होता आणि त्याच्या नावावर ६९,५०० डॉलर जमा झाले होते. केस बारीक कापलेले, अंगात ढगळ कोट, बोलण्यात अवघडलेपणा. सूत्रसंचालकाला तो अदबीने ‘मिस्टर बॅरी’ म्हणतो. दुसऱ्या खोलीत चार्ल्स व्हॅन डोरेन, वय तीस, कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचा अध्यापक. वडील मार्क व्हॅन डोरेन हे कवी आणि त्याच विद्यापीठातले नामांकित प्राध्यापक, काका कार्ल व्हॅन डोरेन हे चरित्रकार. दोघेही पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी. उंच, देखणा, नम्र असा हा तरुण आधीच्या आठवड्यात पहिल्यांदा पडद्यावर आला होता आणि त्याचे व स्टेंपेलचे डाव बरोबरीत सुटले होते. म्हणजे या आठवड्यात दर चढलेला, आणि उत्सुकताही.

प्रश्न सुरू होतात. स्टेंपेलच्या कपाळावर घाम डवरतो, तो रुमालाने टिपतो. व्हॅन डोरेन ओठ चावतो, डोळे मिटतो, स्वतःशी काही पुटपुटतो. अनेक भागांचा प्रश्न असला की एखादा भाग बाजूला ठेवून पुढचे सांगतो आणि मग, जणू मनातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत चाचपडून आल्यासारखा, राहिलेल्या भागाकडे परततो. आणि उत्तर बरोबर निघते. त्याच रात्री स्टेंपेलला चित्रपटांविषयी प्रश्न येतो : १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर कोणत्या चित्रपटाला मिळाले? स्टेंपेल अडखळतो, विचारात पडतो, आणि म्हणतो, ‘ऑन द वॉटरफ्रंट’. तो चित्रपट आदल्या वर्षाचा. बरोबर उत्तर होते ‘मार्टी’. शेवटचा डाव १८ विरुद्ध १० असा संपतो. फरक आठ गुणांचा, दर गुणामागे २,५०० डॉलरचा. म्हणजे व्हॅन डोरेनला २०,००० डॉलर, आणि तेवढेच वजा होऊन स्टेंपेल ४९,५०० डॉलर घेऊन घरी. विद्वान तरुणाचा उदय आणि हेकट विजेत्याचा अस्त. वृत्तांत संपला.

लक्षावधी प्रेक्षकांनी पाहिला तो हा भाग. पुढे कित्येक आठवडे व्हॅन डोरेन जिंकत राहिला. फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला. मार्चमध्ये व्हिव्हिएन निअरिंग या वकील बाईंकडून हरला तेव्हा त्याची कमाई १,२९,००० डॉलर झाली होती. एनबीसीने त्याला नोकरी दिली. शिकवणाऱ्या माणसाला एवढी लोकप्रियता मिळाल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात शोधावे लागेल.

आता तोच वृत्तांत दुसऱ्यांदा. पडद्यावर दिसलेली एकही गोष्ट बदलायची नाही. तोच घाम, तोच रुमाल, तीच पुटपुट, तीच उत्तरे, तेच गुण. फक्त नंतर चौकशीत उघड झालेले तेवढे त्यात मिळवायचे. दोघांनाही प्रश्न आणि उत्तरे आधी ठाऊक होती. किती गुणांचा प्रश्न मागायचा हे ठरलेले होते. कोण जिंकणार, कोण हरणार, बरोबरी केव्हा व्हायची हेही ठरलेले होते. स्टेंपेलचा ढगळ कोट हा त्याच्या सासऱ्यांचा जुना कोट होता आणि तो निर्मात्यांच्या सांगण्यावरून अंगात चढवला होता. केस तसे कापायला लावले होते. मनगटावरचे स्वस्तातले घड्याळ टिकटिक स्पष्ट ऐकू यावी म्हणून होते. ‘मिस्टर बॅरी’ हे संबोधन सांगून म्हणवून घेतलेले होते. काचेच्या खोलीतले वातानुकूलन बंद ठेवले जाई, म्हणजे घाम यावा. आणि आलेला घाम पुसायचा नाही, टिपायचा, अशी सूचना होती. ‘मार्टी’ हा स्टेंपेलचा आवडता चित्रपट होता, त्याने तो तीनदा पाहिला होता. नेमके तेच नाव त्याला न आठवल्याचे दाखवायचे होते.

दोन वृत्तांतांमध्ये फरक कुठे पडला हे पाहणे उद्बोधक आहे. नामे बदलली नाहीत, विशेषणेही फारशी बदलली नाहीत. बदलली ती क्रियापदे. ‘आठवले’ याचे ‘आठवल्यासारखे केले’ झाले. ‘विसरला’ याचे ‘विसरल्याचे दाखवले’ झाले. ‘अडखळला’, ‘विचारात पडला’, ‘धैर्याने पुढे गेला’ अशा प्रत्येक क्रियापदाला एक ‘सारखे’ चिकटले. निवेदनात ‘त्याला आठवले’ असे लिहिताना निवेदक पात्राच्या मनात शिरण्याचा हक्क गृहीत धरतो, हे आपण कादंबरीच्या संदर्भात वर्गात शिकवतो. पडद्यावरच्या माणसाच्या बाबतीत हा हक्क आपण किती सहज घेतो! दिसतो तो फक्त ओठ चावणारा माणूस. ‘तो आठवत आहे’ हे वाक्य आपले असते. ५ डिसेंबरच्या त्या भागाने प्रेक्षकांना एकही खोटे वाक्य सांगितले नाही, असे एखादा वकील म्हणू शकेल. खोटी वाक्ये प्रेक्षकांनी स्वतःच मनात रचली. निर्मात्यांनी फक्त ती रचली जावीत अशी चिन्हे मांडली.

आपल्या साहित्यशास्त्राने या चिन्हांचा विचार फार पूर्वी केला आहे. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. इतर अनुभाव नट हातापायांनी किंवा वाणीने प्रकट करू शकतो. सात्त्विक भाव मात्र मन एकाग्र झाल्याखेरीज येत नाहीत, म्हणून त्यांचे स्थान वेगळे. नटाला घाम आणायचा असेल तर त्याने मनाने त्या अवस्थेत जावे लागते, ही त्यामागची भूमिका. एन्राइट यांनी यावर तोडगा काढला. मनाची अवस्था कशाला हवी, यंत्राची कळ बंद केली की स्वेद येतो! हे वाचताना हसू येते, पण त्यातला अपमान गंभीर आहे. जो भाव अंतःकरणाची साक्ष म्हणून मानला गेला, तो उकाड्याने आणला गेला. आणि लोकांनी त्याला बुद्धीच्या श्रमाचा पुरावा मानले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दूरचित्रवाणी हे मनोरंजन आहे, मनोरंजनात बनाव असायचाच, मग एका प्रश्नमंजूषेचा एवढा बाऊ कशाला? शिवाय त्या वेळी असा बनाव करणे अमेरिकेत कायद्याने गुन्हाही नव्हता. या प्रकरणानंतर, १९६० मध्ये दळणवळणविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन तो गुन्हा ठरला. निर्मात्यांच्या बाजूने आणखीही एक गोष्ट सांगता येते. ‘ट्वेंटी-वन’चा पहिला भाग प्रामाणिक होता. स्पर्धकांना काहीही आधी सांगितले नव्हते, आणि त्यांना एकामागून एक प्रश्नांची उत्तरे येईनात. भाग इतका निरस झाला की प्रायोजक संतापले, आणि पुन्हा असे घडता कामा नये असा निरोप आला. खऱ्या अज्ञानाचे दृश्य कोणालाच पाहायचे नव्हते. खऱ्या ज्ञानाचेही तसेच आहे. ज्याला उत्तर ठाऊक असते तो ते चटकन सांगून टाकतो, त्यात पाहण्यासारखे काही नसते. रंगतो तो मधला प्रदेश, म्हणजे माहीत असणे आणि नसणे यांच्या सीमेवर माणूस धडपडतो ते क्षण. आणि हे क्षण मागणीनुसार, दर आठवड्याला, ठरल्या वेळी येत नाहीत. म्हणून ते लिहून घ्यावे लागले.

आक्षेपाला उत्तर मात्र ‘मार्टी’च देतो. हा चित्रपट मुळात दूरचित्रवाणीवरचे नाटक होते. पॅडी चायेफ्स्की यांचे हे नाटक १९५३ मध्ये एनबीसीवरूनच थेट प्रक्षेपित झाले होते. ब्रॉन्क्समधला एक साधा, रूपाने बेताचा, लग्न न जमणारा खाटीक हा त्याचा नायक. तीच वाहिनी, तोच थेट प्रक्षेपणाचा काळ, तसाच सामान्य माणूस, आणि त्याचेही अवघडलेपण लिहिलेले, तालीम केलेले. तरी त्यात कोणाची फसवणूक झाली नाही. कारण हे नाटक आहे, असे सांगून ते दाखवले होते. फसवणूक मजकुरात नसते, वाङ्मयप्रकाराच्या नावात असते. आत्मचरित्र म्हणून छापलेली कादंबरी वाचकाला फसवते. तोच मजकूर कादंबरी म्हणून छापला तर ती निर्मिती ठरते. ५ डिसेंबरचा भाग ‘दोन पात्री नाटक’ म्हणून दाखवला असता तर कदाचित बरे नाटक म्हणून त्याची नोंद झाली असती. त्यातला उपरोध तर एखाद्या नाटककारालाही सहजी सुचला नसता : साध्या, दुर्लक्षित माणसाची कहाणी ज्याला जवळची वाटली होती त्या स्टेंपेलला नेमके तिचेच नाव विसरायला लावायचे, आणि त्याच्या जागी दिसायला देखणा असा उमराव बसवायचा.

स्टेंपेल गप्प बसला नाही. त्याने पत्रकारांना, वकिलांना सांगून पाहिले. हरलेल्या माणसाची चरफड म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. मे १९५८ मध्ये ‘डॉटो’ नावाच्या दुसऱ्या एका प्रश्नमंजूषेत एका स्पर्धकाला उत्तरे लिहिलेली वही सापडली, आणि मग स्टेंपेलचे म्हणणे ऐकले जाऊ लागले. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढे चौकशी झाली, पुढे अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्या उपसमितीपुढे व्हॅन डोरेनने कबुली दिली. साहित्याच्या अध्यापकांनी ती मुद्दाम वाचावी अशी आहे, आणि ती केवळ तिच्यातील पश्चात्तापासाठी नव्हे.

त्या निवेदनातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे तालमीचे वर्णन. निर्मितीतील सहकारी अल्बर्ट फ्रीडमन त्याला उत्तरे तर सांगतच, शिवाय ती कशी द्यायची हेही शिकवीत : कुठे थांबायचे, कोणता भाग वगळून पुढे जायचे आणि मग परतायचे, उत्कंठा कशी वाढवायची. वर वृत्तांतात ‘अंधाऱ्या खोलीत चाचपडून आल्यासारखा’ असे जे लिहिले ते त्या शिकवणीचे फळ होते. त्याच निवेदनात व्हॅन डोरेनने असेही सांगितले की एका वेड्या अभिमानापायी तो शक्य तेव्हा उत्तरे स्वतः शोधून काढी आणि त्या विषयाबद्दल होईल तेवढे वाचून घेई. हा तपशील मला विलक्षण वाटतो. माणूस बनाव करतो आहे, आणि बनावाच्या आत प्रामाणिक अभ्यास करतो आहे. म्हणजे त्याच्या ज्ञानात खोट नव्हती! उत्तर त्याला खरोखरच ठाऊक असे. खोटी होती ती केवळ ते आठवण्याची क्रिया.

दुसरी गोष्ट फ्रीडमन यांच्या युक्तिवादाची. प्रामाणिकपणे खेळू द्या, असे व्हॅन डोरेनने सुचवले तेव्हा उत्तर मिळाले की ते शक्य नाही, स्टेंपेलला फार माहिती आहे. आणि मग समजूत घालताना सांगण्यात आले की तुम्ही जिंकलात तर बौद्धिक जीवनाची, शिक्षकांची आणि एकूण शिक्षणाची सेवा होईल, लोकांच्या मनात बुद्धीच्या कामाबद्दल आदर वाढेल. व्हॅन डोरेनला हे पटले, किंवा पटवून घ्यावेसे वाटले. पैशाचा मोह समजण्यासारखा आहे, पण साहित्याच्या माणसाला वश करणारा मोह हा दुसरा होता. आपला विषय उपेक्षित आहे, आपल्याला कोणी विचारत नाही, एकदा तरी लोकांनी मान वर करून आपल्याकडे पाहावे, ही इच्छा कोणत्या मराठीच्या प्राध्यापकाच्या मनात नाही? विषयाची प्रतिष्ठा वाढते ना, मग थोडा देखावा चालेल, हा तर्क परिसंवादांत, महोत्सवांत, विभागांच्या अहवालांत आपण वेगवेगळ्या शब्दांत ऐकत असतो. माझे म्हणणे असे की हा तर्क मुळातच फसवा आहे. लोकांच्या मनात आदर वाढला हे खरे, पण तो कशाबद्दल? न थकता, न चुकता, तासाभरात कोणत्याही विषयावर उत्तर काढणाऱ्या मेंदूबद्दल. असा मेंदू अस्तित्वातच नव्हता. नसलेल्या वस्तूविषयीचा आदर असलेल्या वस्तूच्या काही उपयोगी पडत नाही. उलट असे व्हायचा संभव अधिक की खरा विचार करणारा, म्हणजे चुकणारा, मुदत मागणारा, ‘पाहून सांगतो’ म्हणणारा शिक्षक त्या मापाने खुजा वाटू लागेल.

या सगळ्या प्रकरणात साहित्याचा मान राखणारी एक कृती घडली ती अध्यापकाच्या हातून नव्हे, जेम्स स्नॉडग्रास या चित्रकार स्पर्धकाच्या हातून. त्यालाही प्रश्न आणि उत्तरे आधी मिळत. त्याने ती लिहून, पाकिटे बंद करून, नोंदणीकृत टपालाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली आणि न उघडता ठेवून दिली. काँग्रेसच्या चौकशीत ती पाकिटे उघडली गेली आणि टपालाच्या तारखेने बनाव सिद्ध केला. पण मला सांगायचे आहे ते त्यांतल्या एका पत्राबद्दल. अमेरिकन कवींच्या ओळी ओळखण्याच्या प्रश्नात त्याने मुद्दाम चुकायचे ठरले होते. एमिली डिकिन्सनच्या एका सुप्रसिद्ध ओळीला त्याने इमर्सनचे नाव द्यायचे आणि हरायचे. स्नॉडग्रासने पत्रात लिहून ठेवले की तो असे करणार नाही, आणि कार्यक्रमात त्याने डिकिन्सनचेच नाव सांगितले. पुढे तो हरायचा तो हरलाच. पण कवयित्रीची ओळ दुसऱ्याच्या नावावर चढवायला तोंडातून शब्द न निघणे, ही वाङ्मयीन निष्ठाच म्हटली पाहिजे. आणि तिचा पाठांतराशी काही संबंध नाही. उत्तर तर दोन्ही बाजूंनी पाठ होते.

आता आपल्याकडे येऊ. ‘ट्वेंटी-वन’ हे नाव ऐकताच महाराष्ट्रात दहावी-बारावी झालेल्या कोणालाही ‘२१ अपेक्षित’ आठवल्याशिवाय राहणार नाही. आकडा एक असणे हा योगायोग. आणि न्याय्य बोलायचे तर अपेक्षित प्रश्नसंच कोणाला फसवत नाहीत. ते उघड विकले जातात, परीक्षकालाही ठाऊक असतात. पाणिनीच्या सूत्रांपासून पाढ्यांपर्यंत आपली परंपराच पाठांतराची आहे आणि पाठांतराला मी कमी लेखत नाही. पाठ केलेली कविता आयुष्यभर सोबत करते. प्रश्न पाठांतराचा नाही, पाठ केलेले ‘आत्ता सुचले’ म्हणून मांडण्याचा आहे.

याचे उदाहरण परीक्षेच्या मांडवातच सापडते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर एक कृती असते : ही कविता आवडण्याची किंवा न आवडण्याची कारणे लिहा. कृती उत्तम आहे. ज्याने ती योजली त्याला विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रतिसाद हवा होता, ‘न आवडण्याची’ मुभाही त्याने दिली आहे. आणि तरी या कृतीचेही तयार उत्तर मार्गदर्शक पुस्तकांत छापलेले मिळते, प्रथमपुरुषी एकवचनात! ‘ही कविता मला खूप आवडली, कारण...’ हे वाक्य राज्यभरात किती मुले पाठ करीत असतील याचा विचार करावा. ‘आवडली’ हे क्रियापद इथे ‘आवडल्यासारखे लिहिले’ होते. पंधरा-सोळाव्या वर्षी काव्यास्वादाचा पहिला धडा मिळतो तो असा : आवड ही वाटण्याची गोष्ट नसून दाखवण्याची गोष्ट आहे. आणि ‘आवडली नाही’ असे लिहिण्याची जोखीम कोण घेणार? हे काचेच्या खोलीतले प्रशिक्षणच आहे. फरक इतकाच की वातानुकूलन बंद करावे लागत नाही, मार्चमधल्या परीक्षेत घाम आपोआप येतो.

दुसऱ्या टोकाला ‘नेट’ आहे. महाविद्यालयात साहित्य शिकवण्याची पात्रता ठरवणाऱ्या या परीक्षेत डिसेंबर २०११ पर्यंत तिसरी प्रश्नपत्रिका दीर्घोत्तरी होती. जून २०१२ पासून तीही बहुपर्यायी झाली. म्हणजे साहित्याच्या अध्यापकाची निवड आता चार पर्यायांतून एक निवडण्यावर, म्हणजे शुद्ध प्रश्नमंजूषेवर होते. कोणता ग्रंथ कोणत्या साली, कोणती संज्ञा कोणत्या मीमांसकाची, कालानुक्रम लावा, जोड्या जुळवा. तपासणीतला पक्षपात टळतो, हा लाभ मोठा आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. पण या परीक्षेत विचाराला वेळच नसतो. उत्तर येते किंवा येत नाही. एकीकडे शाळेत प्रतिसादाचा अभिनय, दुसरीकडे विद्यापीठात प्रतिसादाची अनुपस्थिती, आणि या दोन टोकांमधून पार पडलेला माणूस वर्गात उभा राहून मुलांना कविता ‘उलगडून’ दाखवणार. त्याला अभिनयाखेरीज दुसरे काय येणार?

प्रश्नमंजूषा या प्रकाराविषयी माझी तक्रार नाही, हे इथे स्पष्ट करतो. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाल्यापासून हा प्रकार आपल्या घराघरांत आहे. पुढे २०१३ मध्ये ‘कोण होईल मराठी करोडपती’ आणि २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ हे मराठी अवतारही आले. या खेळात पर्याय समोर असतात, स्पर्धक मोठ्याने विचार करतो, सूत्रसंचालक त्याला मुद्दाम ताटकळत ठेवतो. ताटकळवण्याचे नाटक इथे उघड आहे, आणि घरी बसलेली माणसेही तेवढ्या वेळात आपापले उत्तर ठरवतात, भांडतात. म्हणजे तो थांबा प्रेक्षकाच्याही मालकीचा असतो.

माझ्या मते कसोटी इथेच आहे. शिक्षकही वर्गात थांबतो. उत्तर ठाऊक असताना ‘बरं, कवीने इथे हाच शब्द का वापरला असेल?’ असे विचारून तो गप्प होतो. हाही एक प्रकारे अभिनयच, मग व्हॅन डोरेनमध्ये आणि त्याच्यात फरक काय? फरक असा की शिक्षकाच्या थांबण्यात विद्यार्थ्याला विचार करायला जागा मिळते, आणि व्हॅन डोरेनच्या थांबण्यात प्रेक्षकाला दुसऱ्याचा विचार पाहण्याचे सुख मिळते. पहिल्यात वेळ विद्यार्थ्याचा असतो, दुसऱ्यात नटाचा. आपल्या व्याख्यानांना ही कसोटी लावून पाहावी. कवितेवरचे पुष्कळसे गाजलेले वर्ग, ज्यांतून विद्यार्थी भारावून बाहेर पडतात, ते दुसऱ्या जातीचे असतात. विद्यार्थी सरांवर खूष होतो, कविता तशीच राहते.

व्हॅन डोरेनने कोलंबियातली जागा सोडली, एनबीसीनेही त्याला काढले. ग्रँड ज्युरीपुढे खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा त्याने इतर काही स्पर्धकांसह १९६२ मध्ये मान्य केला. शिक्षा स्थगित राहिली. पुढे तो ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मध्ये संपादक झाला. रॉबर्ट रेडफर्ड यांचा ‘क्विझ शो’ हा चित्रपट १९९४ मध्ये आला तरी त्याने मौन सोडले नाही. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला तेवढाच. २०१९ मध्ये तो वारला, स्टेंपेल २०२० मध्ये. साहित्याच्या विद्यार्थ्यांना मात्र त्याचे नाव वेगळ्याच ठिकाणी भेटते. मॉर्टिमर ॲडलर यांच्या ‘हाउ टू रीड अ बुक’ या पुस्तकाची १९७२ ची सुधारित आवृत्ती ॲडलर आणि व्हॅन डोरेन या दोघांच्या नावावर आहे. पुस्तक कसे वाचावे, त्याला कोणते प्रश्न विचारावेत, उत्तर मिळेपर्यंत कसा धीर धरावा, हे सांगणारे ते पुस्तक. यात प्रायश्चित्त शोधण्याचा मोह मी आवरतो. तसे करणे म्हणजे पुन्हा एका माणसाच्या मनात न विचारता शिरणे होईल.

आपल्यापुरते करण्यासारखे मात्र काही आहे. तोंडी परीक्षेत एक तरी अनोळखी कविता द्यावी आणि ती वाचायला पाच मिनिटे शांतता द्यावी. ‘न आवडण्याची कारणे’ नीट लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात, हे वर्गात एकदा मोठ्याने सांगावे आणि पेपर तपासताना तसे वागावे. आणि एखाद्या ओळीचा अर्थ लागत नसेल तर शिक्षकाने तसे म्हणावे, डोळे न मिटता, ओठ न चावता. विद्यार्थ्यांना उत्तरे सगळीकडे मिळतात, आजच्या यंत्रांकडून तर विचारताक्षणी मिळतात. उत्तर नसलेला माणूस कसा वाचतो, हे पाहायची जागा वर्गाखेरीज त्यांच्याजवळ फारशी उरलेली नाही.